पोरं पुण्याला जातात, नेटवर्क इथंच राहतं

सर्व्हर सांभाळायला शिकलेलं पोरगं बेळगावात फार काळ राहत नाही. उत्तरेला पुणं साडेतीनशे किलोमीटरच्या आत, दक्षिणेला बेंगळूर पाचशेच्या आसपास, आणि दोन्हीकडं नेणारा हायवे शहराला लागूनच. रात्री गाडीत बसलं की सकाळी नोकरीच्या गावी. निपाणी, संकेश्वर, खानापूर, चंदगडकडची पोरं उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात हात बसवतात आणि एक दिवस चहाच्या टपरीवर सांगतात, "सर, एक तारखेपासून पुण्याला जाऊलालो." मला त्यांचा राग येत नाही. इथला पगार आणि तिथला पगार शेजारी ठेवून बघितले, तर त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. मला त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पोराबरोबर कारखान्याचं नेटवर्कही जातं. तारा, स्विच, सर्व्हर सगळं जागच्या जागी असतं. पण कुठली तार का जोडली, अमुक क्रमांक का दिला, हे त्याच्या डोक्यात होतं, आणि ते डोकं आता हिंजवडीत असतं.

या गावातल्या लहान-मध्यम कारखान्यांचे सर्व्हर लावायचं आणि राखायचं काम मी बरीच वर्षं करतोय. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. ज्या गावातून माणसं सतत निघून जातात, तिथं सर्व्हर आणि नेटवर्कची मांडणी माऊसनं करू नये. ती लिहून करावी. कमांड लाइनवरच्या स्क्रिप्टनं, म्हणजे यंत्र वाचून पाळेल अशा लिहून ठेवलेल्या आज्ञांनी करावी. मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपन्या हे वेगासाठी करतात, कारण त्यांच्याकडं शेकड्यांनी यंत्रं असतात. आपल्याकडं दोन किंवा तीन. म्हणून लोक म्हणतात, तिनासाठी स्क्रिप्ट कशाला? एका मालकांनी मला सरळ विचारलं होतं, "एवढं लिहीत बसायला कशाला पाहिजे? पडद्यावर दाबलं की होतंय की." होतंय, हे खरंच आहे. पण काय दाबलं आणि का दाबलं, याची खूण कुठं राहते?

आपल्याकडच्या एखाद्या फौंड्रीत किंवा मशिन शॉपमध्ये काय असतं ते आधी सांगतो. अकाउंट्सच्या खोलीला लागून एक छोटी वातानुकूलित खोली, तिच्यात दोन-तीन दणकट यंत्रं. यांना होस्ट म्हणायचं. प्रत्येक होस्टच्या पोटात अनेक आभासी, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले सर्व्हर चालतात: एकावर ईआरपी, म्हणजे कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर, एकावर टॅली, एकावर ड्रॉइंगच्या फायली, एकावर हजेरीचं सॉफ्टवेअर. हे तंत्र नवं नाही. आयबीएमनं १९७२ साली मेनफ्रेमसाठी, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या संगणकांसाठी, व्हीएम/३७० ही अशी प्रणाली जाहीर केली होती. याच कामाचं सॉफ्टवेअर करणारी व्हीएमवेअर कंपनी १९९८ ची, तिचा ईएसएक्स सर्व्हर २००१ चा. लिनक्स या मुक्त स्रोत प्रणालीच्या गाभ्यात हेच काम करणारं केव्हीएम आलं ते फेब्रुवारी २००७ मध्ये, २.६.२० या आवृत्तीबरोबर. बेळगावचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठही १९९८ चंच, त्यामुळं ते साल माझ्या लक्षात राहतं.

होस्टच्या आत सर्व्हर आभासी, तसा त्यांना जोडणारा स्विचही आभासी. त्या स्विचला होस्टचे खरे नेटवर्क पोर्ट जोडायचे, त्यावर पोर्ट ग्रुप, म्हणजे जोडण्यांचे नाव दिलेले गट, तयार करायचे, प्रत्येक पोर्ट ग्रुपला व्हीलॅनचा, म्हणजे त्याच तारांवर वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कचा, क्रमांक द्यायचा. हा क्रमांक १२ बिटांत बसतो, म्हणून १ ते ४०९४ यांतला कुठलाही वापरता येतो. खरा प्रश्न क्रमांकाचा नसतोच, वाटणीचा असतो. शॉप फ्लोअरवर एखादं सीएनसी मशिन अजून विंडोज एक्सपीवर चालत असतं. मशिन उत्तम आहे, पण त्यातली ती जुनी विंडोज कुणी बदलणार नाही, आणि ती अकाउंट्सच्या संगणकांशेजारी उघडी ठेवणं धोक्याचं. म्हणून मशिनांचा व्हीलॅन वेगळा, कॅमेऱ्यांचा वेगळा, हजेरी यंत्रांचा वेगळा, अकाउंट्सचा वेगळा. अशी वाटणी करायला विचार लागतो. तो करणारा पोरगा हुशार असतो. आणि तो पडद्यावर दहा खिडक्या उघडून, दहा ठिकाणी टिचक्या मारून ती वाटणी करतो. शेवटी उरतो नुसता आकडा: ३०. हा ३० कॅमेऱ्यांचा की मशिनांचा, हे पुढच्या माणसानं तारा चाचपून शोधायचं.

माऊसच्या कामात आणखी एक गोष्ट आपल्या भागात हमखास घडते. शहरातल्या पेठांची, उपनगरांची नावं इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिली जातात, मराठी वळणानं आणि कन्नड वळणानं. वडगाव आणि वडगावी. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यानंतर बेळगावच्याही इंग्रजी स्पेलिंगच्या दोन पिढ्या झाल्या. आता समजा, वडगावच्या शाखेसाठीचा पोर्ट ग्रुप पहिल्या होस्टवर एकानं एका वळणानं लिहिला आणि दुसऱ्या होस्टवर दुसऱ्यानं दुसऱ्या. माणसाला दोन्ही एकच वाटतात. व्हीएमवेअरच्या साध्या, म्हणजे स्टँडर्ड स्विचवर मात्र आभासी सर्व्हर आपला पोर्ट ग्रुप नावानं ओळखतो, आणि लहान-मोठ्या लिपीतला फरकही तिथं वेगळं नाव धरला जातो. चालू सर्व्हर एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवायची वेळ आली, की यंत्रणा सांगते, तिकडं असं नेटवर्कच नाही. हलवायची वेळ येते तीही पहिला होस्ट कुरकुरायला लागल्यावरच. स्क्रिप्टमध्ये नाव एकाच जागी लिहिलेलं असतं आणि तिथूनच ते सगळ्या होस्टांवर जातं. कुठल्या वळणानं लिहायचं यावर भांडायचं तर एकदाच भांडायचं.

स्क्रिप्ट म्हणजे काही अगम्य विद्या नाही. ईएसएक्सआय, म्हणजे व्हीएमवेअरची होस्ट चालवणारी प्रणाली, असलेल्या होस्टवर ईएसएक्ससीएलआय नावाची कमांड मिळते. विंडोजवर बसून काम करायचं तर पॉवरशेल या विंडोजच्या कमांड लाइनवर चालणारं पॉवरसीएलआय आहे. क्रम ठरलेला असतो: आधी स्विच तयार करा, मग त्याला खरे पोर्ट जोडा, मग पोर्ट ग्रुप, मग व्हीलॅन क्रमांक. त्यानंतर होस्टचा स्वतःचा आभासी नेटवर्क पोर्ट, त्याचा आयपी पत्ता, आणि शेवटी त्या पोर्टवरून काय चालणार, व्यवस्थापन, साठवण की सर्व्हरची हलवाहलव, याची खूण. काढून टाकायचं असेल तर हाच क्रम उलटा. एकदा समजलं की शाळेतल्या पाढ्याइतकं पाठ होतं. अवघड भाग पुढं आहे.

स्विच तयार करायची कमांड दुसऱ्यांदा चालवली, तर होस्ट तक्रार करतो की हा आधीच आहे. म्हणून नुसती कमांडांची यादी म्हणजे स्क्रिप्ट नव्हे. चांगली स्क्रिप्ट आधी विचारते: हा स्विच आहे का? असेल तर त्याचे पोर्ट बरोबर आहेत का? व्हीलॅन जुळतो का? जे कमी तेवढंच ती घालते, आणि शेवटी सगळं पुन्हा वाचून सांगते की ठरल्याप्रमाणं झालं. दहा वेळा चालवा, परिणाम एकदा चालवल्यासारखाच. हा गुण मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळं स्क्रिप्ट चालवायची भीती जाते. नवीन पोरगा पहिल्याच दिवशी ती चालवून बघू शकतो. नवा होस्ट असेल तर तो तयार होतो, आणि जुना असेल तर कुणीतरी मधे हातानं काय बदललं ते उघडं पडतं. पॉवरशेलमध्ये बदल न करता नुसतं "काय केलं असतं" ते दाखवायची सोय आहे. मी ती सगळ्यांना आधी वापरायला लावतो.

उद्यमबागेत आयुष्य गेलेल्या माणसाला इथं पॅटर्न आठवल्याशिवाय राहत नाही. ओतकामाचा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो लाकडी नमुना, तयार करणारा कारागीर तो हव्या त्या वस्तूच्या नेमक्या मापाचा करत नाही. वितळलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, राखाडी बीड साधारण १ टक्का. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. मशिनिंगसाठी जिथं कातून जाणार, तिथं अंगावर जास्त माल ठेवायचा. साच्यातून सुटून यावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. पुढं काय-काय होणार ते सगळं आधीच धरून तो लाकडाचा तुकडा घडलेला असतो. आणि कारागीर निवृत्त झाला तरी त्याचा अंदाज त्या लाकडात राहतो, माल ओतला जातोच. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं तेच करायचं असतं. दुसऱ्या होस्टवर नेटवर्क पोर्टांचे क्रमांक वेगळे येतील, कारण कार्ड वेगळ्या खाचेत आहे. स्विच आधीच अर्धवट तयार असेल. मधेच वीज जाईल.

विजेचं तर थोडं सविस्तरच सांगायला हवं. पावसाळ्यात आपल्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायचं मालक पुढच्या वर्षावर ढकलत असतात. ईएसएक्सआयची गंमत अशी, की चालू असताना त्याच्या मांडणीच्या फायली मेमरीत असतात. त्या बूट डिस्कवर उतरवायचं काम एक छोटी स्क्रिप्ट तासातून एकदा करते, आणि यंत्र रीतसर बंद केलं तर तेव्हाही करते. वीज अचानक गेली तर मधल्या तासातले काही बदल हरवू शकतात. हातानं काम केलेल्या माणसाला सकाळी वाटतं, मी हे काल केलं होतं की नाही? मग तो स्वतःवरच संशय घ्यायला लागतो. आमच्या स्क्रिप्टच्या शेवटी ती साठवायची कमांड आहेच, पण त्याहून मोठा दिलासा हा, की यंत्र पुन्हा उठल्यावर तीच स्क्रिप्ट परत चालवता येते. हरवलं असेल ते भरलं जातं. काही हरवलं नसेल तर ती तसं सांगून थांबते.

तपासणीचा भाग लोक गाळतात. त्यांच्यासाठी एकच उदाहरण देतो. साठवणीच्या नेटवर्कवर वेग वाढावा म्हणून फ्रेमचा, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या माहितीच्या पुडक्याचा, आकार नेहमीच्या १५०० बाइटांवरून ९००० करतात. हे आभासी स्विचवर करावं लागतं, होस्टच्या पोर्टवर करावं लागतं, खऱ्या स्विचवर करावं लागतं आणि साठवणीच्या यंत्रावरही. एक जागा राहिली, तर होणारा बिघाड फार फसवा असतो. साधा पिंग, म्हणजे पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते बघणारा छोटा संदेश, जातो. लॉगिन होतं. सगळं हिरवं दिसतं. मोठी फाइल हलवायला घेतली की सगळं जागच्या जागी थिजतं. म्हणून पिंग पाठवायचा तो तुकडे करायला मनाई करून, ८९७२ बाइटांचा. ९००० मधून आयपीच्या शीर्षाचे २० आणि आयसीएमपीच्या, म्हणजे पिंगच्याच, शीर्षाचे ८ वजा केले की ८९७२ उरतात. हा आकडा स्क्रिप्टमध्ये लिहिला, आणि त्याच्याशेजारी ही वजाबाकीही लिहिली, की पुढच्या पोराला तो कुठून आला हे कुणाला विचारावं लागत नाही.

ज्या नेटवर्कवरून आपण होस्टशी बोलतोय, तेच बदलायचं असतं तेव्हा मात्र जपून. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवायचं ते काम. एक चुकीचा व्हीलॅन क्रमांक, आणि होस्ट आपल्यापासून तुटतो. मग गाडी काढून मच्छ्याच्या किंवा काकतीच्या युनिटवर जायचं, मॉनिटर-कीबोर्ड लावायचा. इथं ज्यांनी ही साधनं घडवली त्यांची दूरदृष्टी मला मनापासून आवडते. उबुंटू लिनक्सच्या नेटप्लॅन या नेटवर्क मांडायच्या साधनात नवी मांडणी "करून बघायची" कमांड आहे. १२० सेकंदांत तुम्ही होय म्हटलं नाही, तर ती आपोआप जुन्या मांडणीवर परत जाते. ज्युनिपर कंपनीच्या राउटरवरही तशीच सोय आहे, तिथं नेहमीची मुदत १० मिनिटं. जिथं अशी सोय तयार मिळत नाही, तिथं लिनक्सवर आम्ही आधी जुनी फाइल परत ठेवणारं काम काही मिनिटांनी चालेल असं लावतो, मग बदल करतो, आणि पुन्हा संपर्क झाला की ते काम रद्द करतो.

आता भाषेचं. आमच्या स्क्रिप्टमध्ये कमांड कमांडच्या जागी, पण कारणं मराठीत लिहिलेली आहेत. हा माझा हट्ट आहे. निपाणीच्या मराठी शाळेतून आलेलं पोरगं इंग्रजीत कारण लिहायला लावलं की तीन शब्दांत उरकतं. मराठीत लिहायला सांगितलं की तेच पोरगं चार ओळी लिहितं, आणि त्या चार ओळींत सगळं असतं. कन्नड शाळेतून आलेला मुलगा कन्नडमध्ये लिहितो, त्यालाही माझी ना नाही. शेजारी बसलेला कुणीतरी वाचून सांगतोच.

पण इथं एक खड्डा आहे, आणि तो देवनागरीत लिहिणाऱ्या प्रत्येकानं ओळखून ठेवावा. विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल ५.१, फाइलच्या सुरुवातीला खुणेचे बाइट नसतील, तर यूटीएफ-८ मधली, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या संकेतावलीतली, फाइल जुन्या पाश्चात्त्य संकेतावलीत वाचतं. आपलं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं. त्यातला तिसरा बाइट त्या जुन्या संकेतावलीत भलतंच चिन्ह होऊन बसतो. ओ आणि औ यांचा तिसरा बाइट होतो वळणदार दुहेरी अवतरण. अनुस्वार, दीर्घ ऊकार आणि ऑ यांचा होतो वळणदार एकेरी अवतरण. आणि पॉवरशेल वळणदार अवतरणांनाही अवतरणच मानतं! म्हणजे एकेरी अवतरणात 'बेळगाव' लिहिलं तर ते वाचायला गचाळ दिसेल, पण स्क्रिप्ट चालेल. 'शहापूर' किंवा 'खानापूर' लिहिलं की मजकूर मधेच संपतो आणि पुढच्या ओळीवर भलतीच चूक दाखवली जाते. पोरं तासन्‌तास कंस मोजत बसतात. उपाय अगदी सोपा आहे: फाइल साठवताना बाइट ऑर्डर मार्कसह, म्हणजे त्या खुणेच्या बाइटांसह, यूटीएफ-८ निवडायचं, किंवा नवं पॉवरशेल ७ वापरायचं, जे यूटीएफ-८ च धरून चालतं. कारणं टिप्पणीत, म्हणजे # या चिन्हानंतर, लिहिली तर तिथं हा धोका नाही, कारण टिप्पणी ओळ संपेपर्यंत पॉवरशेल वाचतच नाही. आभासी सर्व्हरच्या माहितीच्या चौकटीत मराठी मजकूर भरायचा असेल तेव्हा मात्र ही खूण हवीच.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण अजून दिसतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीनं व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली. पुढं वर्षाच्या वर्गणीचा हिशेब. तेव्हापासून उद्यमबागेतही प्रॉक्समॉक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं नाव ऐकू यायला लागलं. ते व्हिएन्नातल्या कंपनीचं, डेबियन लिनक्स आणि केव्हीएमवर बांधलेलं, मुक्त स्रोत. कमांड सगळ्या बदलल्या. स्विचच्या जागी लिनक्सचा ब्रिज आला, पोर्टांची नावं बदलली, मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये गेली. मग लिहिलेल्या स्क्रिप्टा वाया गेल्या का? ज्यांनी व्हीलॅन, नावं, पत्ते हे सगळं कमांडांच्या ओळींतच मिसळून लिहिलं होतं, त्यांना ते वेचून काढावं लागलं. आमच्याकडं तो भाग एका वेगळ्या तक्त्यात होता. होस्टचं नाव, पोर्ट, पोर्ट ग्रुपचं नाव, व्हीलॅन, पत्ता, आणि शेवटचा रकाना "का". तक्ता गिटमध्ये, म्हणजे कुणी कधी काय बदललं तेही दिसतं. स्क्रिप्ट फक्त तो वाचून कामाला लागते.

खानापूरकडून रोज रेल्वेनं येणाऱ्या एका मुलीनं प्रॉक्समॉक्ससाठीची स्क्रिप्ट नव्यानं लिहिली. तक्त्याला तिनं हातही लावला नाही. जुन्या मुलांपैकी कुणालाही ती भेटलेली नाही. एक पुण्यात आहे, एक बेंगळुरात. पण "का" या रकान्यातून ती त्यांना चांगली ओळखते. एकदा तिनं मला विचारलं, "सर, सीएनसीच्या व्हीलॅनला इंटरनेट का नाही, ते ह्यांनी लिहिलंय. पण मशिनवाल्या कंपनीचा माणूस लांबून दुरुस्तीला येतो तेव्हा तात्पुरतं उघडायचं, हेही लिहिलंय. ते बंद कोण करतं?" कुणीच करत नव्हतं. आता ठरलेल्या वेळेनंतर ते आपोआप बंद करणारी स्क्रिप्ट तिची आहे, आणि तिच्या नावानं गिटमध्ये आहे.

सध्या तिच्याकडं निपाणीच्या एका युनिटचं काम आहे. तिथल्या होस्टला नेटवर्कचे दोनच पोर्ट आहेत. साठवण आणि व्यवस्थापन एकाच जोडीवर चालवायचं का, यावर आमचं एकमत नाही. माझं म्हणणं, आणखी एक दोन पोर्टांचं कार्ड घ्यावं, कारण बॅकअपच्या वेळी साठवण सगळी वाट अडवते आणि नेमकं तेव्हाच होस्टशी बोलायची गरज पडते. तिचं म्हणणं, व्हीलॅन वेगळे ठेवले, बॅकअपच्या वेगाला मर्यादा घातली, तर पोर्ट दोन पुरतात आणि कार्डाचे पैसे यूपीएसच्या बॅटऱ्यांना लावता येतात. दोघांचीही कारणं त्या शेवटच्या रकान्यात लिहून झाली आहेत. बॅटऱ्यांचं कोटेशन सोमवारी येणार आहे.